मॅग्नम रिव्हॉल्व्हरचं हँडलोड पेटलं नाही तर: कारण कसं शोधायचं

चाप ओढला, घोडा पडला, 'खट्' झालं आणि पुढे काहीच नाही. हातानं काडतुसं भरायला (अशा काडतुसाला हँडलोड म्हणतात) नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाला हे कधी ना कधी अनुभवायला लागतं. मग आजूबाजूचे सल्ले देतात. कोणी म्हणतं प्रायमर (काडतुसाच्या बुडाशी बसणारी, ठोशानं पेटणारी छोटी टोपी) बदल, कोणी म्हणतं स्प्रिंग बदल, कोणी म्हणतं पावडर वाढव. यातला तिसरा सल्ला तर सरळ धोकादायक आहे. पहिले दोन कधी बरोबर निघतात, पण कारण न शोधता केलेला बदल नुसता अंदाज असतो आणि मॅग्नमच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या काडतुसांच्या, दाबाशी अंदाजानं खेळायचं नसतं. .३५७ मॅग्नमचा कमाल दाब ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), .४४ मॅग्नमचा ३६,००० आणि .४५४ कॅसूलचा ६५,००० आहे.

माझं सांगणं एवढंच आहे की न उडालेलं काडतूस फेकू नका. कारण त्याच्यातच दडलेलं असतं. ते ठरावीक क्रमानं तपासलं तर बहुतेक वेळा दोष पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच सापडतो.

तुम्ही राहता तिथल्या कायद्यानं शस्त्र बाळगायला आणि काडतुसं भरायला परवानगी असेल, लागतो तो परवाना तुमच्याकडे असेल, तरच पुढचं वाचून उपयोग आहे.

जवळ काय हवं

कागदपत्रं: परवाना, तुम्ही वापरता त्या पावडरच्या निर्मात्याचं चालू लोडिंग मॅन्युअल आणि तुमची नोंदवही. नोंदवहीत प्रत्येक बॅचची तारीख, पावडरचं नाव आणि लॉट क्रमांक, भरलेलं वजन, प्रायमरचा प्रकार आणि लॉट, गोळीचं वजन, काडतुसाची एकूण लांबी हे सगळं हवं. वही नसेल तर आजच सुरू करा. नोंदीशिवाय दोष शोधणं फार अवघड जातं.

साधनं: डोळ्यांच्या संरक्षणाचा चष्मा, कानाचं संरक्षण, व्हर्नियर कॅलिपर, बुलेट पुलर (भरलेल्या काडतुसातून गोळी काढायचं साधन), तपासणीच्या वजनांसह पावडरचा काटा, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), प्रायमर पॉकेट (काडतुसाच्या पितळी केसच्या बुडातला प्रायमरचा खळगा) साफ करायचं हत्यार, छोटा टॉर्च, कायम शाईचा मार्कर आणि नळीत जाईल अशी पितळी सळई.

१. 'खट्' झाल्यावरचं पहिलं अर्धं मिनिट

रिव्हॉल्व्हर लक्ष्याच्या दिशेनंच धरून ठेवा. किमान ३० सेकंद थांबा. रेंजचा नियम त्याहून जास्त वेळेचा असेल तर तो पाळा. काडतूस उशिरानं पेटू शकतं, त्याला हँगफायर म्हणतात.

इथे पिस्तुलात आणि रिव्हॉल्व्हरमध्ये मोठा फरक पडतो आणि नवखे नेमके तिथेच चुकतात. रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की सिलिंडर फिरतो आणि पुढचं काडतूस समोर येतं. पण मागचं काडतूस अजून धुमसत असेल, तर ते आता नळीसमोरून बाजूला सरकलेलं असतं. तशा अवस्थेत ते उडालं तर गोळीला बाहेर पडायला वाटच नसते, ती फ्रेमवर आदळते. म्हणून सवयीनं 'पुढची घ्या' असं कधीच करू नका. घोडाही पुन्हा ओढू नका.

वेळ संपल्यावर नळी लक्ष्याकडेच ठेवून सिलिंडर उघडा. काडतुसांच्या मागच्या बाजूसमोर चेहरा आणू नका. न उडालेलं काडतूस काढा आणि ते कोणत्या खणात होतं ते मार्करनं त्याच्यावर लिहा.

२. नक्की काय घडलं?

नुसता 'खट्' आवाज, धूर नाही, धक्का नाही: हा मिसफायर. प्रायमर पेटला नाही, किंवा पेटूनही पावडरपर्यंत पोचला नाही.

'फट्' असा हलका, दबका आवाज आणि नेहमीपेक्षा अगदी कमी धक्का: हा फुसका बार, म्हणजे स्क्विब. याची भीती वाटायलाच हवी. नुसत्या प्रायमरच्या जोरावरही गोळी केसमधून सुटून नळीत अडकू शकते. त्यानंतर दुसरी गोळी सुटली तर नळी फुगते किंवा फुटते. आवाज जरा वेगळा वाटला की नेमबाजी तिथेच थांबवायची, स्पर्धा चालू असली तरी. सगळी काडतुसं काढा, सिलिंडर उघडा ठेवून नळीतून प्रकाश आरपार दिसतो का बघा, नाहीतर सळई घालून बघा. गोळी अर्धी सिलिंडरमध्ये आणि अर्धी नळीच्या तोंडाशी अडकली असेल तर सिलिंडर उघडणारही नाही. अशा वेळी जोर करू नका, अनुभवी शस्त्र-कारागिराकडे द्या.

३. दोष काडतुसाचा की रिव्हॉल्व्हरचा?

काहीही उघडण्याआधी या प्रश्नाचं उत्तर हवं. त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये चांगल्या कारखान्याची काडतुसं चालवा. तीही अधूनमधून पेटत नसतील तर संशय शस्त्रावर. ती सगळी व्यवस्थित उडाली तर संशय तुमच्या लोडवर. शक्य असेल तर तुमच्याच बॅचची काही काडतुसं दुसऱ्या, खात्रीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चालवून बघा. अर्थात त्याच कॅलिबरच्या आणि त्या दाबासाठी बनलेल्या.

एक बारकावा लक्षात ठेवा. कारखान्याची काडतुसं उडतात म्हणून शस्त्र निर्दोष, असं लगेच म्हणता येत नाही. मऊ प्रायमर हलक्या आघातानंही पेटतात. फेडरलचे प्रायमर मऊ म्हणून ओळखले जातात, सीसीआयचे त्यामानानं कडक. त्यामुळे कमजोर स्प्रिंगचं रिव्हॉल्व्हर एका प्रायमरवर झकास चालतं आणि दुसऱ्यावर रुसतं.

डबल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे नुसता चाप ओढून, न उडालेला लोड सिंगल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे घोडा आधी ओढून, उडतो का तेही टिपा. बऱ्याच रिव्हॉल्व्हरमध्ये डबल अ‍ॅक्शनला घोडा किंचित कमी मागे जातो, त्यामुळे आघात हलका पडतो. फक्त डबल अ‍ॅक्शनमध्येच गोंधळ होत असेल तर आघाताची ताकद काठावर आहे असं समजा.

४. प्रायमरवरचा खड्डा वाचा

भिंगाखाली न उडालेल्या काडतुसाची मागची बाजू धरा. फायरिंग पिननं पाडलेला खड्डा खोल आणि मधोमध आहे का? असेल तर आघात पुरेसा होता, दोष प्रायमरमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे. खड्डा उथळ, नुसता टोचल्यासारखा असेल तर दोन शक्यता: घोड्याची ताकद कमी पडली, किंवा प्रायमर नीट बसलेला नव्हता आणि आघाताची ताकद त्याला आत ढकलण्यातच खर्च झाली. खड्डा कडेला असेल तर सिलिंडर नळीच्या रेषेत येत नाही. आणि तो नेहमी एकाच खणात तसा येत असेल, तर कारागिराला दाखवताना त्या खणाचा क्रमांक सांगा.

उडालेल्या केसवरच्या खड्ड्याशी तुलना करायचा मोह होतो. ती ढोबळच माना, कारण दाबामुळे प्रायमरचा पत्रा मागे येऊन पिनभोवती दबतो आणि खड्ड्याचा आकार बदलतो.

पूर्ण वेळ थांबल्यावर, नळी मोकळी असल्याची खात्री करून, तेच काडतूस पुन्हा घोड्याखाली आणून दुसरा आघात दिला तर बरंच कळतं. मात्र आधी नुसता 'खट्' झाला होता याची पूर्ण खात्री असेल तरच हे करा. दुसऱ्या आघाताला उडालं तर प्रायमर वर राहिला होता किंवा आघात कमी पडत होता. दोन खोल खड्डे पडूनही गप्प राहिलं तर प्रायमर निकामी आहे. आणि तिसऱ्या फेरीची गरज नाही.

५. काडतूस उघडा

बुलेट पुलरनं गोळी काढा. डोळ्यांवर चष्मा हवाच. पावडर पांढऱ्या कागदावर ओता आणि वजन करा. नोंदवहीतल्या आकड्याशी ते जुळतं का? दाणे कोरडे, सुटे आहेत की गोळा झालेत? गोळ्याच्या रूपात, पिवळट पडलेली, अर्धवट जळलेली पावडर निघाली तर प्रायमर पेटला होता, पावडरनं साथ दिली नाही. मग आठव्या पायरीकडे जा. पावडर अगदी जशी भरली तशीच असेल तर प्रायमर पेटलाच नाही, किंवा त्याची ज्वाला पावडरपर्यंत पोचली नाही.

केसच्या तळाच्या छिद्रात टॉर्च मारून बघा. केस घासायला वापरलेल्या मक्याच्या किंवा अक्रोडाच्या चुऱ्याचा कण तिथे अडकलेला सापडतो. स्टीलच्या पिनांनी ओलं घासलं असेल तर एखादी पिन आडवी बसलेली असते. हे छिद्र बंद असेल तर प्रायमर कितीही चांगला असला तरी ज्वाला पावडरपर्यंत पोचत नाही.

न पेटलेला प्रायमर तसाच जिवंत समजा. तो काढायचाच असेल तर प्रेसवर (काडतुसं भरायच्या यंत्रावर) हळू, धक्का न देता, चेहरा बाजूला ठेवून काढा. केस फार मौल्यवान नसेल तर तो न काढता टाकाऊ काडतुसांत ठेवणं उत्तम.

६. प्रायमर खोलवर बसला आहे का? बहुतेकदा दोष इथेच असतो

प्रायमर म्हणजे पत्र्याची छोटी वाटी, तिच्यात आघातानं पेटणारं मिश्रण आणि वर बारीक पायांची ऐरण. ऐरणीचे पाय पॉकेटच्या तळाला टेकले पाहिजेत. तरच पिनचा ठोसा बसल्यावर मिश्रण वाटी आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडून पेटतं. पाय टेकले नसतील तर पहिला ठोसा प्रायमरला नुसता खाली सरकवतो. दुसऱ्या ठोशाला उडणाऱ्या काडतुसांचं कोडं हेच असतं.

प्रायमर केसच्या तळापासून साधारण ०.००३ ते ०.००५ इंच, म्हणजे ०.०८ ते ०.१३ मिमी आत हवा. मोजण्याआधी बोटाची परीक्षा करा. बोटाचं टोक केसच्या मागच्या बाजूवरून हळू फिरवलं की प्रायमरपाशी किंचित खाच लागली पाहिजे. सपाट लागला तर संशय घ्या, उंचवटा लागला तर दोष सापडला. दुसरी सोपी परीक्षा: भरलेलं काडतूस सपाट काचेवर उभं ठेवा. डुलत असेल तर प्रायमर वर आहे. वर आलेला प्रायमर सिलिंडर फिरवतानाही अडखळतो, त्यामुळे चाप जड लागायला लागला तरी आधी इथेच बघा.

तो वर का राहतो? पॉकेटमध्ये जुनी काजळी साचली असेल तर पायांना तळ मिळत नाही. बसवताना हात पुरेसा दाबला नसेल. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर (दांड्याच्या एका फेरीत अनेक कामं करणाऱ्या यंत्रावर) वेगात काम करताना दांडा शेवटपर्यंत ढकलला गेला नसेल. उलटा किंवा तिरका प्रायमरही अशाच घाईत आत जातो. हातात धरायच्या साधनानं प्रायमर बसवताना दोन टप्पे हाताला कळतात: आधी प्रायमर सरकतो, मग घट्टपणा येतो, तो ऐरण टेकल्याचा. तिथे थोडासा जोर देऊन थांबा. खूप जोर लावला तर मिश्रणाला तडा जातो आणि तोही मिसफायर.

भरलेल्या काडतुसातला वर राहिलेला प्रायमर कधीही प्रेसवर पुन्हा आत दाबू नका. आधी गोळी आणि पावडर काढा. हा नियम मोडला तर गंभीर इजा होऊ शकते.

पॉकेट स्वच्छ करून कोरडी ठेवा. ओलं घासलेल्या केस पूर्ण वाळवा, विशेषतः पॉकेट आणि तळाचं छिद्र. केसला लावलेलं वंगण किंवा रिव्हॉल्व्हरमध्ये फवारलेलं झिरपणारं तेल प्रायमरच्या मिश्रणापर्यंत पोचलं तर ते मरतं, म्हणून भरलेली काडतुसं तेलाळ सिलिंडरमध्ये दिवसेंदिवस ठेवू नका. प्रायमर मूळ डब्यातच ठेवा, बाटलीत एकत्र ओतू नका. एक पेटला की सगळे पेटतात.

७. प्रायमर योग्य जातीचा आहे का?

.३५७ ला छोटा पिस्तूल प्रायमर, .४४ ला मोठा पिस्तूल प्रायमर. .४५४ कॅसूलला मात्र छोटा रायफल प्रायमर लागतो. .५०० स्मिथ अँड वेसनमध्ये सुरुवातीच्या केस मोठ्या पिस्तूल प्रायमरच्या होत्या, नंतरच्या मोठ्या रायफल प्रायमरच्या. केस कोणती आहे ते तळावरची खूण बघून आणि मॅन्युअलशी ताडून ठरवा.

छोटा रायफल आणि छोटा पिस्तूल हे मापानं सारखे, पण रायफलचा पत्रा जाड. .३५७ मध्ये तो चुकून गेला तर बसतो, नेहमीसारखाच दिसतो, पण पेटेलच असं नाही. मोठ्या प्रकारात उलटं आहे: रायफलचा उंचच असतो, त्यामुळे पिस्तुलाच्या पॉकेटमध्ये बसवला तर वर राहतो.

मॅग्नम आणि साधा प्रायमर यांत आपल्या मनानं अदलाबदल करू नका. मॅन्युअलनं त्या लोडला जो छापला आहे तोच वापरा. अदलाबदलीनं दाब बदलतो.

८. पावडर

इथे एक सापळा आहे आणि त्यात चांगली, काळजी घेणारी माणसं अडकतात. काडतुसं भरायला शिकताना पहिला नियम शिकवतात, की कमाल लोडच्या १०% खालून सुरुवात करा. जवळपास सगळ्या पावडरना हा नियम लागू आहे. हॉजडनच्या एच-११० आणि विंचेस्टर २९६ ला नाही. (दोन्ही मुळात एकच पावडर आहेत, फक्त डबा वेगळा.) कमाल लोडपेक्षा ३% हून जास्त कमी करू नका, अशी निर्मात्याची सूचना आहे. या पावडरचे गोल दाणे सावकाश पेटण्यासाठी घडवलेले असतात. पेटायला त्यांना पुरेसा दाब, पूर्ण भरणा, तगडा प्रायमर आणि गोळीचा घट्ट क्रिंप (केसचं तोंड आत वळवून गोळीला दिलेली पकड) हवा. भरणा कमी केला की पेट अडखळते, काडतूस धुमसतं आणि कधी गोळी नळीत अडकते. म्हणजे सुरक्षिततेसाठी कमी केलेला लोड उलट धोकादायक ठरतो. हलका लोड हवा असेल तर या पावडरला हात न लावता, ज्या पावडरसाठी मॅन्युअलमध्ये हलके आकडे छापलेले आहेत ती घ्या.

बाकी पावडरचे दोष साधे आहेत. भरणच राहिली असेल तर ती दिसायला हवी: लोडिंग ब्लॉकमध्ये सगळ्या केस उभ्या करून, गोळी बसवण्याआधी टॉर्चखाली प्रत्येक केसमध्ये डोकावा. सगळीकडे पातळी सारखी दिसली पाहिजे. मोठ्या पापुद्र्यांची पावडर मापाच्या नळीत अडकते, एक केस रिती जाते आणि पुढची दुप्पट. म्हणून पावडर टाकताना दांडा नेहमी सारख्या गतीनं चालवा. पावडरला आंबट वास येत असेल किंवा तांबूस धूळ दिसत असेल तर ती वापरू नका.

९. क्रिंप

मॅग्नमचा धक्का बाकीच्या खणांतल्या गोळ्यांना पुढे खेचतो. क्रिंप ढिला असेल तर गोळी केसमधून सरकते, कधी इतकी की सिलिंडर अडतो. आणि मंद पावडरला वर सांगितल्याप्रमाणे घट्ट पकड लागतेच.

परीक्षा सोपी आहे. शेवटच्या खणातलं काडतूस खूण करून आधी मोजा. बाकीची उडवा. मग तेच पुन्हा मोजा. लांबी वाढली तर पकड कमी आहे. गोळीच्या खाचेतच रोल क्रिंप बसला आहे का, एक्स्पांडरमुळे (गोळी बसावी म्हणून तोंड रुंद करणाऱ्या साधनामुळे) केसचं तोंड गरजेपेक्षा मोकळं झालं का आणि सगळ्या केस एका लांबीच्या आहेत का ते तपासा. .३५७ च्या केसची कमाल लांबी १.२९० इंच, .४४ ची १.२८५ इंच. लांबी वेगवेगळी असेल तर एकाच डायवर (प्रेसमध्ये बसवायच्या साच्यावर) एका केसला कच्चा आणि दुसऱ्या केसला जास्तीचा क्रिंप बसतो. अति क्रिंपनं केस फुगते आणि खणात पूर्ण जात नाही.

१०. संशय शस्त्रावर आला असेल तर

आधी साफसफाई. एक्स्ट्रॅक्टरच्या (सिलिंडरमधून केस बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली जळलेली पावडर साचली की काडतूस मागे राहतं. .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल चालवत असाल तर खणांमध्ये काजळीचं कडं तयार होतं. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आलं तेव्हा केस .३८ स्पेशलपेक्षा ०.१३५ इंच लांब ठेवली होती, त्यामुळे कडं नेमकं लांब केसच्या वाटेत येतं. काडतूस आत शेवटपर्यंत जात नाही, ठोशाची ताकद त्याला पुढे ढकलण्यात जाते. खण पितळी ब्रशनं घासा.

मग स्प्रिंग. चाप हलका व्हावा म्हणून कमी ताकदीची मेनस्प्रिंग (घोड्याला जोर देणारी मुख्य स्प्रिंग) बसवली असेल तर मूळ बसवून बघा. स्मिथ अँड वेसनच्या बऱ्याच रिव्हॉल्व्हरमध्ये मूठीच्या पुढच्या बाजूला स्ट्रेन स्क्रू असतो. तो सैल झाला तर घोड्याचा जोर उतरतो. घट्ट आहे का एवढं बघा, घासू नका. थंडीत दाट ग्रीसही घोड्याला धीमा करतं.

सिलिंडर पुढे-मागे हलतो का ते बोटानं कळतं, किती हलतो ते फीलर गेजनं मोजा. हालचाल जास्त असेल, पिनचं टोक झिजलं असेल किंवा खड्डा कडेला पडत असेल, तर ते कारागिराचं काम आहे.

नुसता प्रायमर बसवलेल्या, पावडर आणि गोळी नसलेल्या केसवर आघात तपासायचा असेल तर रेंजवरच करा, डोळ्या-कानांचं संरक्षण ठेवून. दाब नसल्यानं अशा केसचा प्रायमर थोडा मागे येतो आणि सिलिंडर अडखळतो. ते नेहमीचं आहे, दोष नव्हे.

११. दुरुस्तीची खात्री

एका वेळी एकच गोष्ट बदला. नव्या पद्धतीनं मोजकीच काडतुसं भरा, डब्यावर काय बदललं ते लिहा आणि तेवढीच चालवा. सगळी उडाली, खड्डे सारखे दिसले, शेवटच्या काडतुसाची लांबी वाढली नाही, तर पुढची बॅच भरा. जुनी बॅच शिल्लक असेल तर ती पुन्हा तपासा. प्रायमर वर राहिलेली एकेक वेगळी काढून उघडा, 'दोन वेळा ठोकलं की उडेल' म्हणून ठेवू नका.

न उडालेली काडतुसं कचऱ्यात टाकायची नाहीत, ठोकायची नाहीत, आगीत तर मुळीच नाही. रेंजवर त्यांच्यासाठी वेगळी पेटी असते, तिथे द्या. तोवर नाव आणि तारीख लिहिलेल्या, कुलपात ठेवलेल्या डब्यात राहू द्या, चांगल्या काडतुसांपासून दूर.